नाकातले मांस पुन्हा पुन्हा का वाढते?

निपाणीच्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे:

"वय ४६. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. पोत्यातली मूठ नाकाशी धरून मालाची प्रत सांगणे हे माझे रोजचे काम, पण गेली दोन वर्षे मला कसलाच वास येत नाही आणि ही गोष्ट मी मालकांपासून लपवून ठेवली आहे. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढले म्हणून दोनदा दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, एकदा २०१८ मध्ये बेळगावात आणि एकदा २०२२ मध्ये कोल्हापुरात. दोन्ही वेळा वर्षभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. ॲलर्जीची तपासणी निगेटिव्ह आली. एकदा डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तेव्हा दहा दिवस वास परत आला होता. त्याच चिठ्ठीवर मी गेल्या वर्षात त्या गोळ्या आणखी तीनदा आणल्या. घरचे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, गुळवेलीचा काढा घे. दही, केळे आणि भात बंद आहे. शेजारी म्हणतात काळी बुरशी असेल. तिसरी शस्त्रक्रिया करावी का? जाता जाता सांगतो, दिवाळीत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतली, तर तासाभरात नाक गच्च झाले, चेहरा लाल झाला, छातीत घरघर सुरू झाली आणि रात्री दवाखान्यात जाऊन वाफ घ्यावी लागली. त्याचा नाकाशी संबंध नसावा."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जाता जाता लिहिलेले वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या गोळीचा तुमच्या नाकाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे, आणि पुढच्या वेळी तो जिवावर बेतू शकतो. नाकातील पॉलिप (म्हणजे तुम्ही लिहिता ते वाढलेले मांस), दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने येणारा झटका या तिन्ही गोष्टी काही रुग्णांत एकत्र आढळतात, हे फ्रान्समधील फेर्नां विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला 'सॅम्टरची त्रयी' म्हणतात. पॉलिप असलेल्या साधारण दहा रुग्णांत एकाला हा त्रास असतो, असे पाश्चात्त्य देशांतील अभ्यास सांगतात. बहुतेकांना तो तिशी-चाळिशीत सुरू होतो, आणि तोवर तीच गोळी त्यांनी बिनदिक्कत घेतलेली असते. त्यामुळे "मला तर ही गोळी पूर्वी चालत होती" या युक्तिवादाला इथे अर्थ उरत नाही.

ही नेहमीची ॲलर्जी नव्हे, म्हणून ती त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. पेशींच्या आवरणातील एका मेदाम्लापासून शरीर दोन वाटांनी रसायने बनवते. पहिल्या वाटेवर कॉक्स-१ नावाचे विकर असते आणि तिथे तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे नाकातील व छातीतील मास्ट पेशींना, म्हणजे सूज आणणारी रसायने सोडणाऱ्या पेशींना, लगाम घालून ठेवते. दुसऱ्या वाटेवर ल्युकोट्रायीन तयार होतात, जे श्वासनलिका आवळतात, अस्तर फुगवतात आणि चिकट स्राव वाढवतात. वेदनाशामक गोळी कॉक्स-१ बंद पाडते. इतरांना त्याने काही होत नाही, पण ज्यांचा लगाम मुळातच सैल असतो त्यांच्या मास्ट पेशी एकदम सुटतात, ल्युकोट्रायीनचा लोंढा येतो आणि तुमची ती दिवाळीची रात्र घडते.

म्हणून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि केटोरोलॅक ही नावे एका चिठ्ठीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ती पाकिटात ठेवा. चिठ्ठी कन्नडमध्येही हवी, कारण रात्री-अपरात्री ज्या दवाखान्यात तुम्हाला नेतील तिथली परिचारिका कदाचित चिकोडीची असेल किंवा बागलकोटची. आपल्या भागात अंग दुखते म्हटले की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टोचण्याची सवय फार आहे. गोळीपेक्षा ते वेगाने काम करते, आणि तुमच्यासारख्याच्या बाबतीत घातही तितक्याच वेगाने. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी बहुतेकांना चालते, परंतु पाकिटावर पॅरासिटामॉलच्या जोडीला दुसरे कोणते नाव छापले आहे का हे वाचल्याशिवाय घेऊ नका, कारण जोडगोळ्यांत आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक बेमालूम मिसळलेले असते. निदान पक्के करण्यासाठी घरी पुन्हा गोळी घेऊन पाहण्याचा प्रयोग तर चुकूनही करू नका. ती चाचणी इस्पितळात, छातीचे मोजमाप करत आणि आणीबाणीची तयारी ठेवूनच करतात. छातीत घरघर झाली म्हणजे दमा असण्याचा संभव आहे, तेव्हा फुंकर मारून करतात ती स्पायरोमेट्री आधी करून घ्या. दमा आटोक्यात नसताना कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर ती पुढे ढकला.

आता प्रतिकारशक्तीविषयी. ती कमी झाली आहे हे घरच्यांचे निदान मला मान्य नाही. तुमच्या नाकातील प्रतिकारशक्ती भरपूर जोरात आहे, फक्त ती ज्या शत्रूसाठी घडली तो शत्रू तिथे नाही. जंतुसंसर्गाशी लढताना शरीर एक प्रकारची फौज पाठवते आणि आतड्यातील जंतांसारख्या मोठ्या परजीवींशी लढताना दुसऱ्या प्रकारची. जंत गिळून टाकता येत नाही. त्याला चिकट स्रावात गुंडाळावे लागते, अस्तर सुजवून त्याची पकड सोडवावी लागते आणि त्याच्या कातडीवर विषारी प्रथिने ओतावी लागतात. या दुसऱ्या फौजेला शास्त्रात टाइप-२ प्रतिसाद म्हणतात. तुमच्या सायनसमध्ये एकही जंत नसताना हीच फौज वर्षानुवर्षे तळ ठोकून बसली असावी, असे तुमच्या लक्षणांवरून दिसते.

ती तिथे येते कशी, हे कौलारू घरावरून समजेल. खानापूरकडे किंवा बेळगाव तालुक्यातल्या खेड्यात मृगाच्या आधी शाकारणी करतात. सरकलेली कौले नीट बसवतात आणि फुटलेली बदलतात. नाकाचे अस्तर असेच एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचे छप्पर आहे. पॉलिपच्या रुग्णांत या पेशींमधले सांधे सैल झालेले आढळतात, त्यामुळे धूळ, बुरशीचे कण आणि जंतूंची विकरे सांध्यांतून आत झिरपतात. आता जिवंत छपराची खोड अशी की कौल सरकले की ते स्वतःच ओरडू लागते. अस्तराच्या पेशी टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ नावाचे संदेश सोडतात. हे संदेश ज्या पेशी सर्वांत आधी ऐकतात त्यांचा, म्हणजे आयएलसी-२ पेशींचा, नीट शोध २०१० च्या सुमारास लागला. मी शिकत होतो तेव्हाच्या पुस्तकांत त्यांचे नावही नव्हते, आणि पॉलिप म्हणजे "जुनाट ॲलर्जी" एवढे एक वाक्य लिहून आम्ही परीक्षा पास झालो. या पेशींना ॲलर्जीचा नेमका पदार्थ ओळखावा लागत नाही. अस्तराची आरोळी त्यांना पुरते. तुमची ॲलर्जीची तपासणी निगेटिव्ह का आली, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूकडे आहे. पॉलिपच्या रुग्णांच्या नाकात तो पुष्कळदा मुक्काम करून असतो आणि त्याची काही विषे प्रतिकारपेशींना सरसकट चेतवतात. त्यातून नाकाच्या अस्तरातच, म्हणजे अगदी जागच्या जागी, आयजीई, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणारी प्रतिद्रव्ये, तयार होतात. हाताच्या त्वचेवर टोचून केलेल्या तपासणीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून तो निगेटिव्ह कागद चुकीचा नाही. त्याला प्रश्नच वेगळा विचारला होता.

आरोळी ऐकून आलेल्या आयएलसी-२ पेशी आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या टी-पेशी तीन संदेश पाठवतात आणि तुमचे सगळे दुखणे त्या तिघांत वाटले गेले आहे. आयएल-४ हा बी-पेशींना आयजीई बनवायला सांगतो. आयएल-५ हा हाडांच्या मगजातून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बोलावतो आणि त्यांना मरू देत नाही. इओसिन या गुलाबी रंगाने त्या रंगतात, म्हणून पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांना हे नाव दिले. आयएल-१३ हा स्राव वाढवतो, पेशींचे सांधे आणखी सैल करतो आणि अशा रीतीने छपराला पडलेले भोक स्वतःच मोठे करत राहतो. हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ कारण कधीच निघून गेले असले तरी ते थांबत नाही.

दोनदा कापूनही पॉलिप का उगवतो, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पॉलिप म्हणजे काय ते आधी पाहावे लागेल. लोक त्याला मांस म्हणतात, काही जण हाड वाढले म्हणतात. आयुर्वेदात त्याला नासार्श म्हटले आहे. दुर्बिणीतून पाहिले तर तो अथणीकडच्या द्राक्षाची साल काढल्यावर आतला गर दिसतो तसा फिकट, ओलसर आणि अर्धपारदर्शक दिसतो, आणि सळईने हलवला तर लोंबत्या घोसासारखा हलतो, दुखत नाही. त्यात मांस फार थोडे असते. सुजेमुळे रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव फायब्रिनच्या जाळ्यात अडकून बसतो, आणि तो अडकलेला द्रव म्हणजेच बराचसा पॉलिप. जखमेवर खपली धरायला शरीर जे फायब्रिन वापरते तेच हे. एरवी ते वेळच्या वेळी विरघळवले जाते. टाइप-२ संदेशांमुळे ते विरघळवणारे प्रथिन नाकात कमी पडते आणि जाळे घट्ट विणणारा घटक वाढतो, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे पॉलिप हा पाण्याने भरलेला स्पंज आहे, आणि सर्जनने स्पंज काढला तरी पाझर चालूच राहतो. अमेरिकेतील एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षात सुमारे चाळीस टक्के रुग्णांच्या नाकात दुर्बिणीने पाहता पॉलिप पुन्हा दिसला. तेव्हा तुमच्या दोन्ही सर्जननी काम वाईट केले असा निष्कर्ष काढू नका. शस्त्रक्रियेनंतर पुढची वर्षानुवर्षे काय करायचे हे त्यांनी तुम्हाला बसवून सांगितले होते का, असे मात्र मी विचारीन. कारण माझ्या उमेदीच्या काळात मीही ते नीट सांगत नसे. पॉलिप काढला, पट्टी काढली, रुग्ण वास येतो म्हणून खूश आणि मी त्याहून खूश. दीड वर्षाने तोच रुग्ण त्याच खुर्चीत येऊन बसला की माझा चेहरा पाहण्यासारखा होई.

नाकातून पडणाऱ्या ज्या चिकट, रबरासारख्या पिवळट शेंबडाविषयी तुम्ही लिहिले नाही पण जो तुम्हाला बहुधा येत असेल, त्यातही एक गंमत दडलेली असते. इओसिनोफिल फुटल्या की त्यांच्या पोटातील गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे सुईसारखे टोकदार स्फटिक तयार होतात. शार्को यांनी १८५३ मध्ये आणि लायडन यांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि नंतर शतकभर तो केवळ कचरा मानला गेला. २०१९ मध्ये असे दाखवले गेले की हे स्फटिक स्वतःच सूज पेटवतात. म्हणून हा शेंबूड नाकात साठू न देणे हाही उपचाराचाच भाग आहे.

सगळेच पॉलिप असे नसतात. चीन-कोरियाकडील पुष्कळ रुग्णांच्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल कमी आणि न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त सापडतात, आणि त्यांना स्टिरॉइडचा गुण कमी येतो. तुम्हाला स्टिरॉइडने दहा दिवस वास आला, त्यावरून तुमचे दुखणे टाइप-२ कडे झुकते, पण तर्कावर थांबण्याची गरज नाही. दोन्ही शस्त्रक्रियांत काढलेला भाग तपासायला पाठवला असेल, तर त्याचा हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद शोधा आणि इओसिनोफिलचा आकडा लिहिला आहे का पाहा. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात दहा किंवा अधिक असतील तर टाइप-२ सूज मानतात. रक्ताच्या साध्या तपासणीतही इओसिनोफिलची संख्या येते, आणि ती दर मायक्रोलिटरला २५० किंवा त्याहून अधिक असेल तर ती २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूत्रांत पुरावा म्हणून धरली आहे. दोन सावधगिऱ्या मात्र घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही संख्या फसवी खाली जाते, आणि आपल्याकडे पोटात खरोखरच जंत असले तर ती फसवी वर जाते. म्हणून रक्त देण्याआधी शौचाची तपासणी करून घेतलेली बरी.

काळ्या बुरशीचा शेजाऱ्यांचा तर्क सोडून द्या. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ज्या म्युकरमायकोसिसने हाहाकार केला, तो बेताल मधुमेह आणि स्टिरॉइडच्या भडिमारात रक्तवाहिन्यांत शिरून काही दिवसांत डोळ्यापर्यंत पोचतो. तो आठ-आठ वर्षे दोन्ही नाकपुड्यांत शांतपणे लोंबत राहत नाही. बुरशीच्या कणांना टाइप-२ फौजेने दिलेला अतिरेकी प्रतिसाद, म्हणजे ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस, हा मात्र आपल्या देशात बराच आढळतो. त्यात काकवीसारखा घट्ट, तपकिरी-हिरवट चिखल निघतो आणि सीटी स्कॅनवर तो पांढुरका उमटतो. तुमचे जुने स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टरांना हे विचारून घ्या. पॉलिप एकाच नाकपुडीत असता, किंवा रक्त येत असते, तर गाठीची शंका घेऊन मी आधी तुकडा तपासायला सांगितले असते. डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा तापासह डोके असह्य दुखू लागले, तर या सदराकडे पाहत बसू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

दही, केळे आणि भात यांनी पॉलिप होत नाही. ते खायला सुरुवात करा. काढ्याविषयी माझे मत सरळ आहे. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा तो दावा खरा मानला, तर आधीच भडकलेली फौज आणखी भडकवून तुम्हाला काय मिळणार? आणि दावा खोटा मानला, तर काढा घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवूनही मी तुम्हाला काढा सुचवणार नाही. तपकीर ओढत असाल तर ती आजपासून बंद करा. वखारीतील भुकटीने तुमचा पॉलिप झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सरकलेल्या कौलांवर रोज धूळ ओतणे शहाणपणाचे नाही. पोती उघडताना आणि चाळणी चालू असताना नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. गमछा गुंडाळून बारीक भुकटी अडत नाही.

आता रोजची शाकारणी. पाव लिटर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. नाक धुण्याची बाटली मेडिकलमध्ये मिळते, नेतीचे भांडे असेल तर तेही चालते. मोरीत वाकून, तोंड उघडे ठेवून, अर्धे पाणी एका आणि अर्धे दुसऱ्या नाकपुडीतून जाऊ द्या. नळाचे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी न उकळता नाकात कधीही घालू नका. नाकावाटे मेंदूत शिरणारा अमिबा दुर्मिळ असला तरी केरळमध्ये २०२४ मध्ये त्याचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो जवळपास नेहमीच जीव घेतो.

नाक धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्टिरॉइडचा फवारा मारायचा. तो कसा मारायचा हे मी प्रत्येक रुग्णाला समोर मारून दाखवायला लावतो, आणि बहुतेकांचे चुकते. मान किंचित खाली झुकवावी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने नळीचे टोक घालावे, म्हणजे ते आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळते. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर रक्त येते आणि औषध वाया जाते. जोरात हुंगू नये. घशात कडू लागले म्हणजे औषध नाकात थांबले नाही, पोटात गेले. गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि "स्टिरॉइड" या शब्दाला भिऊन तो बंद करू नये, कारण फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असते आणि रक्तात फारच थोडी उतरते. दोन शस्त्रक्रियांनी तुमच्या सायनसची दारे रुंद झालेली असतील, तर धुण्याच्या पाण्यातच ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड घालण्याचा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. तुम्हाला तो फवाऱ्यापेक्षा खोलवर पोचेल. नाक झटक्यात मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र पाच दिवसांहून जास्त वापरू नका. ते सोडले की नाक अधिकच चोंदते.

स्टिरॉइडच्या गोळ्यांविषयी मला तुमच्यावर रागवायचे आहे. एका जुन्या चिठ्ठीवर वर्षात तीनदा गोळ्या आणल्या, त्या मेडिकलवाल्याने दिल्या, आणि तुमच्या साखरेचे, हाडांचे आणि डोळ्यांतील दाबाचे काय झाले हे कोणी पाहिले नाही. उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब या आठवड्यात तपासा, डोळ्यांचा दाब पुढच्या महिन्यात. घरात गोळ्या उरल्या असतील तर त्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. एखादा कोर्स या घडीला चालू असेल, तर तो मध्येच न तोडता डॉक्टरांना विचारून संपवा.

तिसरी शस्त्रक्रिया करावी का? माझा सल्ला असा की तीन महिने धुणे आणि फवारा नेमाने करा, दमा ताब्यात आणा, वेदनाशामक टाळा, आणि मग दुर्बिणीने पुन्हा पाहून ठरवा. शस्त्रक्रिया लागलीच, तर तिचा उद्देश औषधाला वाट करून देणे हा असेल, हे मनाशी धरूनच टेबलवर जा. ॲस्पिरिनचा त्रास सिद्ध झाला, तर शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात दाखल करून ॲस्पिरिनची मात्रा हळूहळू वाढवत शरीराला तिची सवय लावण्याचा उपचारही आहे. तो घरी करण्याचा विषय नाही.

मी वर लिहिलेले संदेश थेट अडवणारी इंजेक्शनेही आता आली आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने पॉलिपसाठी २०१९ मध्ये ड्युपिल्युमॅबला मान्यता दिली. ते आयएल-४ आणि आयएल-१३ ज्या एका दारातून पेशीत बोलतात ते दारच बंद करते. २०२० मध्ये आयजीईला धरणारे ओमालिझुमॅब आणि २०२१ मध्ये आयएल-५ ला धरणारे मेपोलिझुमॅब या यादीत आले. दोन ते चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही बेमुदत, आणि खर्च असा की दिवाणजीच्या पगारात तो बसणार नाही. ही मंडळी गुणकारी आहेत, पण तुम्ही अजून फवारासुद्धा नेमाने मारलेला नाही, तेव्हा जमीन विकण्याचा विचार आत्ता नको. युरोपीय सूत्रांनुसार शस्त्रक्रिया होऊनही दोन्ही बाजूंना पॉलिप असलेल्या रुग्णात टाइप-२ चा पुरावा, वर्षात दोन किंवा अधिक स्टिरॉइड कोर्स, वासाची मोठी हानी, जगण्यावर मोठा परिणाम आणि दमा या पाचांपैकी तीन गोष्टी असतील तर ही इंजेक्शने विचारात घेतात. वरवर पाहता तुम्ही त्या ओळीत बसता, म्हणून कागदपत्रे नीट जमवून ठेवा.

वास येत नाही याचा एक धोका वखारीत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या टाकीतील वायूला वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात, आणि ते तुम्हाला कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या ज्याला वास येतो त्याच्याकडे द्या. मालकांना सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण प्रत सांगण्यासाठी सध्या एखाद्या मुकादमाला सोबत घ्यावे असे मला वाटते. चुकीची प्रत सांगून गेलेली पत आजारी नाकापेक्षा अवघड दुरुस्त होते.

वास परत येईल का, हे तुम्ही पत्रात विचारलेले नाही, तरी ओळींच्या मध्ये तेच वाचले. त्या दहा दिवसांत तो आला होता, म्हणजे वासाचा मज्जातंतू जिवंत आहे आणि सुजेखाली दबला आहे. ते दहा दिवस आठवून कागदावर लिहा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस, कितव्या दिवशी वास आला, पहिला वास कशाचा आला आणि कितव्या दिवशी तो गेला. नव्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा स्कॅनच्या मोठ्या पाकिटाआधी हा कागद त्यांच्यासमोर ठेवा.